वधस्तंभाच्या हिशोबावर वाद कसा घालावा

प्रश्न थोडक्यात असा. जालना जिल्ह्यातल्या एका वाचनमंडळाने उत्तम शुक्रवारच्या आठवड्यात ‘येशूचे बलिदान’ या विषयावर चर्चा ठेवली. अर्ध्या तासात एक सभासद म्हणाला, ‘बापाने पोराचा नरबळी दिला, याला प्रेम कसं म्हणायचं?’ समोरून उत्तर आले, ‘विश्वास नसेल तर कळणार नाही.’ चार जण उठून गेले. आता दोन महिन्यांनी पुन्हा बसायचे आहे. दोन्ही बाजूंचे खरे मुद्दे कोणते आणि बैठक चालवायची कशी, असे विचारले आहे.

तारीख बदलली हे बरे केले. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन अनेक मंडळ्यांत वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना चालते. त्या आठवड्यात भाविक माणूस वाद घालायला आलेला नसतो. सुतकाच्या घरी वाटणीचा विषय काढावा, तसे ते होते.

आता शब्दांकडे येऊ, कारण निम्मे भांडण तिथेच पेटते. आपल्या भागात ‘बळी’ हा शब्द एकटा येत नाही. बळीराजा म्हणजे शेतकरी. भरधाव ट्रकने घेतलेला बळी म्हणजे अपघात. तुळजापूरला नवरात्रात अजाबली असतो, मरीआईला कोंबडे, नवस फेडताना कंदुरीला बकरे. आणि ‘नरबळी’ म्हटले की परभणी जिल्ह्यातल्या मानवतचे १९७२ ते १९७४ मधले खूनसत्र आठवणारी माणसे अजून हयात आहेत. गुप्तधनाच्या लोभाने तिथे बायका-मुली मारल्या गेल्या होत्या. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या लांबलचक अधिकृत नावातही सुरुवातीलाच ‘नरबळी’ आहे. म्हणजे मंडळातला चिकित्सक हा शब्द उच्चारतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे मानवत असते, आणि समोरच्याला वाटते की आपल्या तारणाऱ्याला मांत्रिकाच्या चौकटीत बसवले. दोघेही आपापल्या जागी खरे आणि बोलणे मात्र तिथेच संपलेले.

याच शब्दाचे दुसरे टोकही आहे. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) येशूला बळीराजाच्या रूपात पाहिले. तिथे बळी म्हणजे कापला गेलेला जीव नव्हे, कष्टकऱ्यांचा राजा. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या फुल्यांना ख्रिस्ती मंडळींचा प्रायश्चित्ताचा सिद्धांत, म्हणजे येशूच्या मरणाने माणसांच्या पापांची भरपाई झाली हे म्हणणे, ठाऊक नव्हता असे मानणे कठीण, तरी त्यांनी येशूकडून घेतले ते वेगळेच. बैठकीत ख्रिस्ती, बौद्ध आणि सत्यशोधक विचाराचे लोक एकत्र बसणार असतील तर ही एक ओळ आधी सांगून टाकावी. येशूबद्दल आदर ठेवूनही प्रायश्चित्ताच्या सिद्धांताला नकार देता येतो हे तिच्यामुळे उघड होते आणि खोलीतला ताण उतरतो.

शब्दांचा आणखी एक खड्डा म्हणजे ‘खंडणी’. प्रचलित मराठी पवित्र शास्त्रात मार्क १०:४५ मध्ये येशू पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून देतो. आज बीड-परभणीकडच्या वाचकाला खंडणी म्हटले की गुन्हेगारीच्या बातम्या आठवतात. मग देव खंडणीखोर ठरतो किंवा सैतान तरी. मूळ ग्रीक शब्द आहे ‘लुत्रोन’. युद्धकैदी किंवा गुलाम सोडवून आणताना मोजायची रक्कम, असा त्याचा अर्थ. ‘सुटकेचे मोल’ म्हटले की पुढची वीस मिनिटे वाचतात.

म्हणून पहिली चाळीस मिनिटे ‘बळी’, ‘नरबळी’ आणि ‘खंडणी’ हे तीन शब्द बंद ठेवावेत. बोलणाऱ्याने नेमके सांगायचे: तुम्ही अर्पणाबद्दल बोलता आहात, शुद्धीबद्दल, सुटकेच्या मोलाबद्दल की शिक्षेबद्दल? या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि बायबलमध्ये चारही आहेत. बहुतेक वाद असा होतो की भाविक अर्पणाबद्दल बोलतो आणि चिकित्सक शिक्षेबद्दल.

उतारे छापून द्यावेत, तोंडी आठवणीवर चालवू नये. लेवीय १६, यशया ५३, यहेज्केल १८, मार्क १४:३२-४२ आणि १५:३३-३९, इब्री ९:११ ते १०:१८ एवढे पुरे. सगळ्यांच्या हाती एकच भाषांतर हवे. मोठ्याने वाचायचे, आणि वाचणारा उलट्या बाजूचा निवडायचा. इब्रीकरांस पत्र चिकित्सकाने वाचावे, यहेज्केल भाविकाने. आपल्याला न पटणारा मजकूर स्वतःच्या तोंडून नीट वाचताना आवाज आपोआप खाली येतो.

लेवीय १६ वर घाई करू नये, कारण दोन्ही बाजूंची गृहीतके तिथे मोडतात. प्रायश्चित्ताच्या दिवशी लोकांसाठी दोन बकरे आणायचे आणि चिठ्ठ्या टाकायच्या. एक देवासाठी, दुसरा अजाजेलसाठी. महायाजक दोन्ही हात ठेवून लोकांची पापे कबूल करतो ती दुसऱ्या बकऱ्याच्या डोक्यावर, आणि तो बकरा कापत नाहीत, रानात सोडतात. कापला जातो तो पहिला, आणि त्याचे रक्त पवित्रस्थानाच्या शुद्धीसाठी लागते. म्हणजे ‘पाप लादले आणि मारून टाकले’ हे जे चित्र दोघांच्याही डोक्यात असते, ते या विधीत नाही. (दुसऱ्या बकऱ्याला कड्यावरून ढकलत, ही माहिती मिश्ना या नंतरच्या यहुदी नियमसंग्रहातली आहे.) वल्हांडण या यहुदी सणाच्या कोकऱ्याचेही तसेच. निर्गम १२ मध्ये त्याच्यावर कुणाचे पाप लादलेले नाही. त्याचे रक्त चौकटीला लावायचे आणि मांस त्या रात्री भाजून खायचे.

भाविक इथे बहुधा ‘रक्त सांडल्यावाचून क्षमा नाही’ हे वाक्य काढतो. इब्री ९:२२ पूर्ण वाचायला सांगा. तिथे नियमशास्त्राप्रमाणे ‘जवळजवळ’ सर्व काही रक्ताने शुद्ध होते असे म्हटले आहे, आणि हा ‘जवळजवळ’ उगाच आलेला नाही. लेवीय ५:११ प्रमाणे ज्याला दोन पारवेही परवडत नाहीत, त्याने एफाचा दहावा भाग सपीठ आणायचे. मापाने ते साधारण दोन लिटर भरते. गरिबाची क्षमा पिठावर होत होती. शिवाय इ.स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर रोमनांनी पाडले, अर्पणे थांबली आणि यहुदी धर्म प्रार्थना, पश्चात्ताप व दानधर्म यांवर चालत राहिला. ‘मला यज्ञ नको, दया हवी’ हे होशेय ६:६ मधले वचन त्यांच्या कामी आले, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूही तेच वचन दोनदा काढतो.

पण चिकित्सकानेही इथे फार खूश होऊ नये. ‘तुमचा देव रक्तपिपासू’ एवढे म्हणून त्याचे काम होत नाही. यिर्मया ७:३१ मध्ये मुले होमात टाकणाऱ्यांना देव सांगतो की ही गोष्ट माझ्या मनातही आली नव्हती. अब्राहाम देवाच्या आज्ञेवरून आपला मुलगा इसहाक याचे अर्पण करायला निघतो, त्या कथेतही (उत्पत्ती २२) शेवटी हात अडवला जातो. यहुदी परंपरा तिला ‘अकेदा’ म्हणजे बांधणे म्हणते, बलिदान म्हणत नाही. खरी टोचणी दुसरीकडे आहे. उत्पत्ती १८ मध्ये सदोम शहरासाठी हाच अब्राहाम देवाशी पन्नासपासून दहापर्यंत घासाघीस करतो, आणि २२ व्या अध्यायात स्वतःच्या पोरासाठी एक शब्द बोलत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९८ मध्ये लिहिले की अब्राहामाने त्या आवाजाला सांगायला हवे होते: मी मुलाला मारू नये हे मला नक्की ठाऊक आहे, तू देव आहेस हे तितके नक्की नाही. हा आक्षेप भक्कम आहे. फक्त तो आज्ञापालनाविषयी आहे, वधस्तंभाविषयी नाही. बैठकीत दोन्ही विषय एकत्र मळले की पिठल्यासारख्या गुठळ्या होतात. अब्राहामाला स्वतंत्र दिवस द्यावा.

आता वधस्तंभ. पंतय पिलात इ.स. २६ ते ३६ या काळात यहुदियाचा रोमन सुभेदार होता आणि त्याच्या हुकमाने येशूला वधस्तंभावर दिले, एवढे बहुतेक सर्व इतिहासकार मानतात, नास्तिकसुद्धा. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने दुसऱ्या शतकाच्या आरंभी त्याचा उल्लेख केला आहे. ‘येशू झालाच नाही’ हा फाटा कुणी काढलाच तर पाच मिनिटे द्या आणि मिटवा. वाद मृत्यू झाला की नाही हा नाही. त्या मृत्यूने काय झाले, हा आहे.

त्याचे एकच ख्रिस्ती उत्तर नाही, हे बहुतेक भाविकांनाही माहीत नसते. नीकियाचा विश्वासांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची प्राचीन कबुली, ‘आमच्यासाठी वधस्तंभावर खिळला गेला’ एवढेच म्हणतो. कसे आणि का, हे प्राचीन चर्चच्या सात मोठ्या परिषदांपैकी एकीनेही ठरवून दिले नाही. चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरीने गळाची उपमा दिली. सैतानाने देहाचे आमिष गिळले आणि आतल्या देवत्वाच्या गळाला अडकला. त्याच्याच मित्राला, नाझियान्झसच्या ग्रेगरीला, हे मोल सैतानाला पोचले ही कल्पनाच संतापजनक वाटली. मग १०९८ मध्ये कँटरबरीच्या आन्सेल्मने हिशोब सैतानाकडून काढून देवाकडे नेला. पापाने देवाचा मान हिरावला जातो, तो भरून द्यायला हवा, माणसाकडे देण्यासारखे काही नाही, म्हणून देवच माणूस झाला. सरंजामी जगातली ही मांडणी आहे. कुळाने मालकाचा मान मोडला तर भरपाई हवी, हे त्या काळी सांगावे लागत नव्हते. सोळाव्या शतकात कॅल्व्हिन आला. तो कायदा शिकलेला होता, त्यामुळे मानाच्या जागी न्यायालय आले आणि भरपाईच्या जागी शिक्षा. आपल्याकडच्या बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रवचनातून ऐकू येते ते हे शेवटचे रूप, आणि चिकित्सक ज्याच्यावर तुटून पडतो तेही हेच. बाराव्या शतकातला आबेलार्ड तर म्हणत होता की या मृत्यूतले प्रेम पाहून माणूस बदलतो, तारण तिथे आहे. ऑर्थोडॉक्स चर्च शिक्षेची भाषा फारशी वापरतच नाही, मरणावरच्या विजयाची वापरते. कॅथलिकांसाठी मिस्सा, म्हणजे भाकर-द्राक्षारसाची उपासना, हाच त्या एका यज्ञाचा रक्तविरहित आविष्कार, प्रॉटेस्टंटांसाठी तो एकदाच झाला आणि संपला. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेल्या बेथेल या प्रॉटेस्टंट वस्तीची परंपरा आणि १९७७ मध्ये झालेल्या औरंगाबादच्या कॅथलिक धर्मप्रांताची परंपरा या एका प्रश्नावर वेगळे बोलतात. तेव्हा ‘ख्रिस्ती लोक असं मानतात’ या वाक्याला लगेच विचारावे: कोणते?

आणि थॉमस अक्वायनस, तेराव्या शतकातला, कॅथलिकांचा सर्वांत वजनदार पंडित, त्याने स्वच्छ लिहिले आहे की देव कोणतीही भरपाई न घेता क्षमा करू शकला असता. हा मार्ग अपरिहार्य नव्हता, शोभणारा होता. हे वाक्य भाविकाच्या हाती असेल तर ‘देवाला रक्त लागतंच का?’ या प्रश्नावर तो अडखळत नाही.

चिकित्सकाचा सर्वांत धारदार मुद्दा रक्ताचा नाहीच, तो हिशोबाचा आहे. १५९४ मध्ये छापलेल्या ग्रंथात फाउस्तो सोचिनीने तो मांडला. सोचिनी स्वतः येशूला मानणारा होता, हे लक्षात ठेवावे. त्याचे म्हणणे: कर्ज वसूल झाले असेल तर माफ केले असे म्हणता येत नाही, आणि माफ केले असेल तर वसुलीची गरज नाही. दोन्ही एकदम कसे? मराठवाड्यात हे समजावायला ग्रीक लागत नाही. २०१७ ला दीड लाखापर्यंत आणि २०१९ ला दोन लाखांपर्यंत कर्जमाफी झाली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती माफी. बँकेच्या वहीत मात्र ती परतफेड, कारण पैसे सरकारी तिजोरीतून आले. बँकेने काही सोडले नाही. सावकाराने स्वतः वही फाडली तर ती वेगळी गोष्ट. तिथे तिसरा कुणी भरत नाही, बुडीत सावकाराच्याच अंगावर बसते.

भाविकाचे उत्तम उत्तर या दुसऱ्या चित्रात आहे. पिता हा बँक आणि पुत्र हा भरणारा तिसरा इसम, अशी मांडणी केली की सोचिनी जिंकतो. ज्याचे येणे होते त्यानेच तोटा सोसला, वही फाडण्याची किंमत फाडणाऱ्यानेच मोजली, अशी मांडणी केली तर ‘बापाने पोराला मारले’ हा आरोपही ढिला पडतो आणि वसुलीचाही. योहान १०:१८ मध्ये येशू म्हणतो की माझा प्राण कुणी घेत नाही, मी तो आपण होऊन देतो. शिवाय तो लहान मूल नव्हता, तिशी ओलांडलेला पुरुष होता. पण या उत्तराचा भार कुठे पडतो हे भाविकाने ओळखावे. पिता आणि पुत्र एकच देव असतील तरच ते उभे राहते. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) न मानणाऱ्याला ते पटणार नाही, आणि तिथे त्याला हट्टी म्हणण्यात अर्थ नाही. सोचिनी त्रैक्य मानत नव्हता, हा योगायोग नव्हे.

यानंतरही एक गाठ उरते आणि बैठकीचा सर्वाधिक वेळ तिला द्यावा, तासातला अर्धा तरी. कर्ज दुसरा भरू शकतो, अपराध दुसरा भोगू शकतो का? दंडाची पावती भावाने भरली तर पोलीस हरकत घेत नाही. तुरुंगवास मात्र भावाने भोगलेला चालत नाही. कांटने हेच म्हटले: नैतिक ऋण पैशासारखे हस्तांतर होत नाही. यहेज्केल १८:२० म्हणते की जो पाप करील तो मरेल, बापाचा दोष पोराला नाही. आणि आपल्या मंडळात हा मुद्दा कांटमधून येण्याआधी धम्मपदातून येईल. १६५ वी गाथा सांगते की पाप आपणच करतो, शुद्धही आपणच होतो, एक दुसऱ्याला शुद्ध करू शकत नाही. जिथे बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयाने १९५० पासून पिढ्या घडवल्या, तिथला चिकित्सक नास्तिकापेक्षा या गाथेच्या बाजूचा असण्याची शक्यता जास्त. मराठवाड्यातला ख्रिस्ती समाज आणि बौद्ध समाज बऱ्याच ठिकाणी एकाच वस्तीतून, एकाच भावकीतून निघालेले आहेत. म्हणून हा वाद परक्याशी नसून चुलतभावाशी असतो, आणि तसाच तिखट होतो.

भाविकाला यावर दोन वाटा आहेत. एक, प्रेषित पौलाची: ख्रिस्त बदली कैदी नाही, माणूस त्याच्यात सामावला जातो, त्याच्याबरोबर मरतो (रोम ६). मग ‘दुसऱ्याने भोगले’ हा शब्दप्रयोगच लागू होत नाही. दुसरी वाट आबेलार्डची. दोन्ही प्रामाणिक आहेत. फक्त त्या घेतल्यावर ‘तुमची फाशी त्याने घेतली’ हे वाक्य परत वापरता येत नाही.

इथे एक स्थानिक उदाहरण ठेवून द्यावे. परंपरा सांगते की आळंदीच्या ब्रह्मवृंदाने विठ्ठलपंतांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, नवरा-बायकोने ते घेतले, आणि तरीही पोरांना शुद्धिपत्रासाठी पैठणला यावे लागले. किंमत पूर्ण मोजली, वही फाटली नाही. चिकित्सक म्हणेल, पाहा, मरणाने दोष धुतला जातो असे मानणारी व्यवस्था कधी समाधान पावत नाही. भाविक म्हणेल, म्हणूनच इब्री १०:४ म्हणते की बैल-बकऱ्यांचे रक्त पाप दूर करू शकत नाही, आणि म्हणूनच कुणीतरी ‘पुरे झाले’ म्हणायला हवे होते. या एका कथेवर दोघांना प्रत्येकी दहा मिनिटे द्या. अब्राहामापेक्षा यावर लोक मोकळे बोलतात.

भाविकांनी दोन दृष्टांत घरी ठेवून यावेत. पहिला रेल्वेपुलाचा: गाडी वाचवायला गेटमन पूल खाली घेतो आणि त्याचा मुलगा यंत्रात चिरडतो. प्रवचनात डोळे पाणावतात, पण त्यात मुलाला काही ठाऊकच नसते. म्हणजे चिकित्सकाचा आरोप आपणच सिद्ध करून दिला. दुसरा न्यायाधीशाचा, जो खुर्चीवरून उतरून आरोपीचा दंड स्वतः भरतो. दंडापुरता तो चालतो. फाशीची शिक्षा झाली आणि न्यायाधीश स्वतः लटकला, असे केले की ऐकणारा हसतो.

चिकित्सकांनीही ‘तीन दिवसांनी उठणार हे माहीत होतं, मग त्याग कसला?’ हे हसत फेकू नये. आक्षेप चांगला आहे, पण मार्क १४ मधली गेथशेमाने बाग वाचल्यावर विचारावा. तिथला माणूस प्याला टळावा म्हणून विनवतो आहे, आणि मार्क १५:३४ मध्ये देवाने सोडून दिल्याची हाक आहे. नंतरही आक्षेप उरतोच: पुनरुत्थानाची आशा न ठेवता मरणाऱ्याचा त्याग मोठा नाही का? उरू द्यावा.

मंडळात मुस्लिम सभासद असतील तर त्यांना नुसते श्रोते करू नका. कुराण ४:१५७ वधस्तंभावरचा मृत्यूच नाकारते, आणि २२:३७ सांगते की कुर्बानीचे मांस-रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, तुमचा तकवा, म्हणजे देवभीरू वृत्ती, पोचतो. ही बाजू ना भाविकाची ना चिकित्सकाची, म्हणून तिचा उपयोग होतो.

राहिली व्यवस्था. पंधरा ते वीस माणसे, दोन तास, गोलात बसून. पहिली पंचवीस मिनिटे वाचन, पंधरा मिनिटे शब्द निश्चित करणे, मग चहा, मग हिशोबाचा प्रश्न. पाळक किंवा फादर यांना सूत्रधार करू नका, अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) कार्यकर्त्यालाही नको. दोघेही उत्तर द्यायला मोकळे हवेत. प्रत्येकाने आपला मुद्दा मांडण्याआधी समोरच्याचा मुद्दा समोरचा ‘हो, असंच’ म्हणेल इतका नीट सांगायचा. मोबाईलवर चित्रण नको. वीस सेकंदांची क्लिप गावभर फिरली की भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ कुणीतरी काढतोच, आणि मग ‘हेतू दुष्ट नव्हता’ हे पोलीस ठाण्यात समजावत बसावे लागते. जादूटोणाविरोधी कायदाही चर्चेत ओढू नये. तो आज कुणी करत असलेल्या अघोरी कृत्यांना लागतो, दोन हजार वर्षांपूर्वीच्या मृत्यूचा अर्थ लावणाऱ्यांना नाही. रोगमुक्तीच्या प्रार्थना आणि चमत्काराचे दावे हा निराळा विषय आहे. तो निघाला तर वहीत टिपून पुढच्या बैठकीवर ढकला.

मागच्या वेळी उठून गेलेल्या चौघांना निरोप पाठवताना पत्रिकेवर ‘बलिदान’ छापू नका. ‘माफी आणि वसुली: सहा उतारे’ एवढे पुरेसे आहे, आणि ते उतारे आठवडाभर आधी त्यांच्या घरी पोचते करा.